विहिरीतलं हसू

‘‘निघालीस भजनाला?’’

मी चप्पल पायात सरकवत होते. हे व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. सकाळपासून तिथंच. मांडीवर वर्तमानपत्र होतं, तेही सकाळचं, आणि सकाळी उघडलेल्या पानावरच.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘चहाच्या वेळेला येतेच.’’

‘‘सावकाश ये. माझं काय अडलंय इथं.’’

मी फाटकाची कडी काढली. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘हेमा, देवासमोर बसतेस तर माझ्यासाठीही माग काहीतरी.’’

मी न वळता मान हलवली. काखेतल्या पिशवीत वर टाळ होते. टाळांखाली जुना पंजाबी ड्रेस होता, टॉवेल होता आणि सुती दोरीचं वेटोळं होतं. विठ्ठलाचं देऊळ आमच्या घरापासून डावीकडं. मी कोपऱ्यापर्यंत डावीकडं गेले, पिठाच्या गिरणीमागून वळले आणि शिर्केबाईंच्या मळ्याची वाट धरली. तिथल्या विहिरीत मी पोहायला शिकत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मला सत्तेचाळिसावं लागलं होतं. मृणालचं, आमच्या एकुलत्या लेकीचं, लग्न होऊन ती नागपूरला गेली होती. हे साखर कारखान्यात केमिस्ट होते, आणि तो कारखाना आदल्या वर्षी बंद पडला होता. नोकरी गेली याचं दुःख माणूस चार लोकांत बोलून दाखवतो, शिव्या घालतो, मोर्च्याला जातो. ह्यांनी यातलं काही केलं नाही. एके दिवशी घरी आले, कारखान्याच्या गणवेशाला इस्त्री करून तो कपाटात ठेवला आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. रागावणं नाही, चिडचिड नाही. जेवायला वाढलं की जेवायचे. विचारलं तर ‘बरंय’ म्हणायचे. पण घरात कुणी वारल्यावर असतं ना, भांड्याचा आवाज झाला तरी आपण दचकतो, तसं आमचं घर झालं होतं. मी फोडणीसुद्धा जपून टाकायची.

माझंही काही ठीक नव्हतं. पाळी जायची वेळ आली होती. अंगातून मधेच वाफा निघायच्या, रात्र रात्र डोळा लागायचा नाही. धुतलेल्या चादरीची घडी घालताना एकदा रडूच कोसळलं, आणि कशासाठी ते मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लेकीची शाळा, ह्यांचे डबे, सासूबाईंचं आजारपण, सगळं झालं होतं. आता मी कशाला उठायचं सकाळी, हेच कळेना.

अशात एकदा गिरणीत शिर्केबाई भेटल्या. उज्ज्वला शिर्के. मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई. मृणालला त्यांनीच कबड्डी शिकवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या आपल्या भावाच्या मळ्यातल्या विहिरीवर बायका-मुलींना पोहायला शिकवायच्या. दुपारी तीन ते साडेचार, त्या वेळात पुरुषाचं तिकडं पाऊल पडत नसे.

‘‘साळुंखेवहिनी, तोंड का असं सुकलंय?’’ बाई म्हणाल्या. ‘‘उद्यापासून विहिरीवर या.’’

‘‘मी? या वयात?’’

‘‘पाण्याला वय विचारायची सवय नसते.’’

मी हसून सोडून दिलं. पण घरी येताना माहेरची नदी डोळ्यांसमोर आली. माझे दोन्ही भाऊ घाटावरून धाडधाड उड्या टाकायचे, आणि मी काठाला बसून त्यांचे कपडे धुवायची. एकदा गुडघाभर पाण्यात शिरले तर आईनं वेणी धरून बाहेर ओढलं होतं. इतक्या वर्षांत ती पाण्याची ओढ मनातून गेली नव्हती, हे त्या दिवशी कळलं.

ह्यांना सांगणारच होते. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सांगायचं म्हणून बाहेर आले, तर हे कपाटातला गणवेश मांडीवर घेऊन त्याचं सुटलेलं बटण लावत बसले होते. जो कधी घालायचा नव्हता त्याचं बटण. आता या माणसाला काय सांगू, की मी मजा करायला चाललेय?

‘‘कुठं निघालीस?’’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

‘‘भजनाला,’’ माझ्या तोंडून गेलं.

‘‘बरं झालं. मन रमेल तुझं.’’

एवढं सोपं होतं ते. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हेही मला तेव्हाच कळलं.

पहिल्या दिवशी शिर्केबाईंनी तेलाचा रिकामा कॅन माझ्या पाठीला बांधला. उन्हाळ्यामुळं पाणी खोल गेलं होतं. दगडी पायऱ्या उतरून गेलं की वर आभाळाचा गोल तेवढा दिसायचा, आणि भिंतीतल्या कपारींत पारवे घुमत असायचे. मी शेवटच्या पायरीवर बसून दगडाला घट्ट धरलं. शेजारी तलाठ्यांच्या बायकोनं, सिंधूनं, माझ्यासारखंच धरलं होतं.

‘‘सोडा ओ वहिनी,’’ बाई पाण्यातून ओरडल्या. ‘‘दगड कुठं पळून जात नाही.’’

‘‘मी जाईन ना पण तळाला!’’

‘‘कॅन आहे. तुम्ही जायचं म्हटलं तरी तो जाऊ देणार नाही.’’

मी सोडला. तोंडात, नाकात, कानात पाणी. वाटलं, संपलं. आणि कॅननं मला झटक्यात वर उचललं. मी बुचासारखी पाण्यावर तरंगत होते, केस तोंडावर, ओढणी कुठल्या कुठं. आणि मला हसू आलं. साधं हसू नव्हे. पोटातून आलं, थांबेचना. विहिरीत हसलं की ते भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येतं. पारवे फडफडत उडाले. मीच दचकले. असा आवाज माझा आहे, हे मी विसरूनच गेले होते.

घरी परतताना मात्र पावलं जड झाली. ओले केस घट्ट अंबाड्यात बांधले, कोरडी साडी नेसले. व्हरांड्यात हे तसेच बसलेले. मला बघून म्हणाले, ‘‘झालं भजन?’’ आणि माझ्या चेहऱ्याकडं जरा वेळ बघत राहिले. मी आत पळाले. चहा ठेवला. चहा उकळत असताना तोंडावर हात दाबून उभी राहिले, कारण हसू अजून आत उसळत होतं. आणि बाहेर तो माणूस. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या ताटात नसलेलं काहीतरी मी चोरून खाऊन आले होते.

उद्या जायचं नाही, असं रोज रात्री ठरवायची. दुपार झाली की पिशवी काखेत.

महिनाभरात मी कॅनशिवाय चार हात मारायला लागले. सिंधू आणि मी पैजा लावायला लागलो. शिर्केबाई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, पण काठावरून मुटका मारून उडी घेतली की पाणी वरच्या पायरीपर्यंत उडायचं. आणि त्यांचं हसणं! विहीर भरून ओसंडायचं ते. मळ्याच्या बांधापर्यंत ऐकू जायचं. बाहेर साडीतल्या, शाळेतल्या शिर्केबाई निराळ्या, कडक. या निराळ्याच.

घरी मात्र मी जास्तच गप्प होत गेले. तिकडं हसून आल्याची भरपाई केल्यासारखी इकडं तोंड पाडून वावरायची. ह्यांनी विचारलं, ‘‘बरं वाटत नाही का?’’ तर ‘‘नाही, बरंय’’ म्हणायची. त्यांच्याच आवाजात. विहिरीच्या पाण्यानं डोळे लाल व्हायचे, संध्याकाळपर्यंत चुरचुरायचे. एकदा ह्यांनी न बोलता औषधाच्या डब्यातून गुलाबपाण्याची बाटली काढून माझ्या उशाशी ठेवली. कशासाठी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्या रात्री मी भिंतीकडं तोंड करून झोपले.

आणखी एक गोष्ट झाली. हे संध्याकाळी विचारायला लागले, ‘‘आज भजनात काय झालं?’’ त्यांनी आपणहून काही विचारणं किती दिवसांनी होत होतं! मग मी रचून सांगायची. अमकीचा आवाज चिरका आहे, पेटीवाले मास्तर मधेच झोपले, प्रसादाला खोबरं कमी पडलं. हे ऐकायचे. ‘‘आणि तू?’’ म्हणायचे. ‘‘मी आपली मागं बसते,’’ मी म्हणायची. ते मान हलवायचे, जसं काही त्यांना हेच अपेक्षित होतं.

मे महिन्याच्या शेवटाकडचा दिवस. त्या दिवशी मी पहिल्यांदा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोहून गेले, कॅन नाही, कुणाचा हात नाही. पलीकडच्या दगडाला हात लागला तेव्हा सिंधूनं शिट्टी मारली. मी वर आले, कपडे बदलले, आणि इतक्या आनंदात होते की गिरणीमागून जायचं विसरले. सरळ देवळावरूनच आले.

देवळाच्या पायरीवर हे बसले होते.

व्हरांड्याबाहेर न पडणारा माणूस. पायांत स्लिपर, अंगात घरातलाच सदरा. मला बघून ते उठले नाहीत. मी देवळाच्या उलट बाजूनं, मळ्याकडून आले होते. केसांतून पाण्याचा थेंब मानेवर ओघळला, तो मला स्पष्ट कळला.

‘‘चल घरी,’’ ते म्हणाले.

रस्ताभर ते पुढं, मी मागं. मनात एकच, आता विचारतील, कोण आहे तो? गावात अशी प्रकरणं काय नव्हती! आणि मी काय सांगणार? या वयाची बाई, नवरा घरात बसलेला असताना, खोटं बोलून, ओल्या केसांनी कुठून येते?

घरात आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. खुर्चीवर बसले नाहीत. उभेच राहिले.

‘‘जाधवचा फोन आला होता,’’ ते म्हणाले. जाधव म्हणजे त्यांच्याबरोबर कारखान्यात होते ते. ‘‘कर्नाटकात एका कारखान्यात जागा आहे म्हणाला. दुरुस्तीची कामं सुरू व्हायच्या आत या म्हणाला. तुला विचारायला देवळात आलो. गुरव म्हणाला, भजन एकादशीलाच असतं. वहिनी तर रामनवमीनंतर इकडं फिरकल्या नाहीत.’’

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

‘‘हेमा, एवढंच सांग,’’ त्यांचा आवाज अगदी खाली आला, ‘‘तू रडायला कुठं जातेस?’’

मी मान वर केली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

‘‘काय?’’

‘‘डोळे रोज लाल असतात तुझे. मला दिसत नाही का? मी म्हटलं, असू दे, देवापुढं रडते, देवापुढं मोकळी होते. माझ्यासमोर रडता येत नाही तिला. पण तू देवळातही जात नाहीस. एकटी कुठंतरी जाऊन बसतेस. ओढ्यावर? शेतात?’’ त्यांना धाप लागली होती. ‘‘माझ्यापायी तुझी ही दशा झाली. मी समोर दिसलो की तुझं तोंड उतरतं. म्हणून मी जाधवला सांगून टाकलं, येतो म्हणून. देवळाच्या पायरीवरूनच फोन केला. मी इथून गेलो तर तुला तरी जरा...’’

मी पिशवी उपडी केली. टाळ खणखणत फरशीवर पडले, त्यामागून ओला ड्रेस, ओला टॉवेल, दोरी.

‘‘मी रडत नाही हो,’’ मी म्हटलं. ‘‘मी पोहायला जाते. शिर्केबाईंच्या विहिरीवर. पाण्यानं डोळे लाल होतात.’’

त्यांनी वाकून ओला कमीज उचलला. हातात धरून राहिले. फरशीवर पाणी ठिबकत होतं. वास घेतला.

‘‘शेवाळ,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘पोहता येतं तुला?’’

‘‘आजच आलं. या काठाचं त्या काठाला.’’

‘‘आणि तिथं... तिथं काय करता तुम्ही बायका?’’

‘‘पोहतो. उड्या मारतो. हसतो.’’

‘‘तू हसतेस?’’

‘‘हो.’’

‘‘मोठ्यानं?’’

आता मला खरंच रडू येऊ लागलं. ‘‘हो. खूप मोठ्यानं.’’

ते खुर्चीत बसले. मला वाटलं सुटल्यासारखं हसतील. देवा, एकदा हसू देत, असं मनात म्हटलंही. पण ते कमिजाची बाही पिळत बसले, जसं काही ते वाळवायचं काम त्यांच्यावर सोपवलंय.

‘‘मग घरी का नाही हसलीस एकदाही?’’

‘‘तुम्ही असे बसलेले. मी कशी हसू?’’

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

‘‘म्हणजे मी तुला रडवत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण हसूही देत नाही. फरक काय पडला, हेमा?’’

मी त्यांच्या पायाशी बसले. नका जाऊ म्हटलं. जाधवांना कळवा, चुकून हो म्हटलं म्हणावं. उद्यापासून मी विहिरीवर जात नाही, शपथ घेते. तसं म्हणताच ते एकदम चिडले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

‘‘खबरदार! ते तेवढं सोडायचं नाही. आधीच मी तुझ्याकडून ते चोरून करवलं. आता सोडायला लावू?’’ मग आवाज उतरला. ‘‘शब्द दिलाय मी. आणि मलाही गेलं पाहिजे. इथं बसून मी काय होतोय ते आज कळलं मला. बायको आनंद लपवते माझ्यापासून. लोक पैसाअडका लपवतात.’’

जायचं ठरलं. मी बेसनाचे लाडू केले, चटण्या कुटल्या, स्वेटर काढून उन्हात टाकला. प्रत्येक काम करताना मनात तेच. हा माणूस माझ्या लाल डोळ्यांमुळं घर सोडून चाललाय. एक दिवस खरं बोलले असते, तर?

निघायच्या दिवशी जेवताना ते म्हणाले, ‘‘गाडी पाचची आहे. त्याआधी तुझी विहीर दाखव मला.’’

‘‘अहो, ती बायकांची वेळ. पुरुषांना येऊ देत नाहीत.’’

‘‘बघणार नाही. मोटरीच्या खोलीमागं पाठ करून बसेन. ऐकेन नुसतं.’’

‘‘काय ऐकणार?’’

त्यांनी ताटातली आमटी बोटानं निपटली. ‘‘तुझं हसणं,’’ ते म्हणाले. ‘‘तिकडं जाताना बरोबर असावं.’’

मी शिर्केबाईंना जाऊन सांगितलं. आधी त्या डोळे मोठे करून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘येऊ दे. पण मान वळवली तर मी ढकलून देईन, सांग त्यांना.’’

हे खरंच पाठ करून बसले. मोटरीच्या खोलीमागं, उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर, ट्रंक शेजारी ठेवून, तोंड उसाच्या फडाकडं. मी पायऱ्या उतरले. पण वर पुरुष बसलाय हे सगळ्यांना माहीत. कुणी बोलेना. नुसतं पाणी चुबुक चुबुक वाजत होतं.

‘‘काय गं हे, मौन धरलंय काय सगळ्यांनी?’’ शिर्केबाईंनी काठावरून आवाज टाकला. ‘‘हेमा, नवरा हंगामाला चाललाय, लढाईला नाही. मार उडी!’’

मी वरच्या पायरीवरून उडी मारली. खोल गेले, वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं. आता हसायचं होतं. एवढंच काम होतं. वर तो माणूस कान देऊन बसला होता. मी तोंड उघडलं तर खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. तोच आवाज. मी पोहत पलीकडच्या भिंतीशी गेले आणि दगडाला धरून राहिले.

तेवढ्यात सिंधू शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि सूर मारायला उभ्या असलेल्या शिर्केबाईंना घेऊनच पाण्यात पडली. एकच गलका झाला. सिंधू किंचाळली, पोरी खिदळल्या, आणि त्या सगळ्यांवर शिर्केबाईंचं हसणं उठलं. भिंतीवर आपटलं, दुप्पट झालं, विहीर भरून वर गेलं. पारवे उडाले. थांबतंय म्हणेपर्यंत बाईंना पुन्हा उबळ यायची.

मी एकटी भिंतीशी तोंड करून रडत होते. विहिरीवर मी पहिल्यांदा रडले ते तेव्हा.

एसटी स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. गाडी लागलेली होती. ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळं होतं. कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं असं.

‘‘एक हसणं फार मोठं होतं गं,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीच्यांचं आपलं खिखी. पण एक मधूनच उठलं. खालून वर आलं. माझ्या पाठीतून गेलं बघ. ते तुझं ना?’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं बेल मारली.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘मला वाटलंच,’’ ते म्हणाले, आणि ट्रंक उचलून गाडीत चढले.

तिकडं ते दोन हंगाम राहिले. पत्र लिहिण्याचा त्यांना कंटाळा, पण रविवारी फोन करायचे, आणि बोलणं संपवताना विचारायचे, ‘‘आज हसलीस का?’’ हंगाम संपवून कायमचे परत आले तेव्हा अंगानं बारीक झाले होते, पण माणसात आले होते. मग इथंच एका गुऱ्हाळवाल्याबरोबर काम बघायला लागले, बागेत मिरच्या लावायला लागले, जावयाशी बुद्धिबळावरून भांडायला लागले. घरात पुन्हा भांडी मोठ्यानं वाजायला लागली. मी अजून पोहते. आता गुडघे दुखतात म्हणून उडी मारत नाही, पायरीवरून उतरते.

पण ती गोष्ट ते सांगतात. कुणी नवं माणूस घरी आलं की हमखास. ‘‘माझा पडता काळ होता,’’ असं सुरू करतात, आणि मोटरीच्या खोलीपर्यंत येतात. ‘‘मी पाठमोरा. समोर ऊस. आणि मागून हिचं हसणं आलं. सगळ्या बायकांत हिचं एकटीचं निराळं. ते कानात घेऊन मी दोन वर्षं तिकडं काढली. नाहीतर गेलोच असतो मी.’’ ते सांगायला लागले की मी काहीतरी आणायला आत जाते.

मागच्या दिवाळीला शिर्केबाई फराळाला आल्या होत्या. मृणाल होती, जावई होते. ह्यांनी गोष्ट काढली. मी आत जाणार होते, पण हातात परात होती आणि वाट अडलेली. हे ती गोष्ट अशी सांगतात, हे बाईंना ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच ऐकत होत्या. ‘‘खालून वर आलं, विहीर भरून,’’ हे म्हणाले, तेव्हा बाईंनी चकलीचा तुकडा ताटलीत ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली केली.

मग मृणालच्या पोरीनं काहीतरी गंमत केली आणि सगळे हसले. बाईंनाही उबळ आली, दिसलं मला. त्यांनी ह्यांच्याकडं बघत पटकन पदर तोंडात कोंबला, आणि उबळ ओसरेपर्यंत तो काढला नाही.